सध्या चिंता नाही

दोन वर्षांपूर्वी आमचे हे जिन्यावरून घसरले आणि पाठीवर आपटत थेट खालच्या चौकात आले. गल्लीतले लोक धावले. कोणी हळद आणली, कोणी रिक्षा शोधायला मोठ्या रस्त्यापर्यंत पळालं. सगळ्यांत शेवटी शेजारचे मोरूभाऊ आठल्ये आले. त्यांनी ह्यांच्याभोवती एक चक्कर मारली, चष्मा कपाळावर चढवला, वाकून नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "धोक्याच्या जवळ." मग मला बाजूला घेऊन धीर दिला की, वहिनी, घाबरू नका, नामशेष व्हायला अजून तीन पायऱ्या मध्ये आहेत.

नवरा जिन्यावरून पडलेला असताना बायकोला पायऱ्या मोजून दाखवणारा माणूस अख्ख्या काशीत एकच असेल, आणि तो आमच्या वाट्याला आला. जगभरच्या पक्ष्यांची म्हणे एक यादी असते. कोणता पक्षी किती उरलाय ते बघून त्याला दर्जा देतात. भरपूर असले तर 'सध्या चिंता नाही'. कमी व्हायला लागले की 'धोक्याच्या जवळ', मग 'असुरक्षित', 'संकटात', 'अतिसंकटात' आणि शेवटी 'नामशेष'. ही मराठी नावं मोरूभाऊंनीच पाडलेली. ती त्यांनी पक्ष्यांपुरती ठेवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते ती गल्लीभर वाटत फिरतात. कोपऱ्यावरचा दूधवाला 'सध्या चिंता नाही'. मराठी घरांतली शाळकरी मुलं 'संकटात', कारण ती आपापसात हिंदीच बोलतात. माझ्या हातची पुरणपोळी एकदा 'असुरक्षित' ठरली. तेव्हापासून होळीला मी त्यांना श्रीखंड देते, आणि तेही विकतचं.

आम्ही दूधविनायकाला राहतो. इथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. मी जबलपूरहून लग्न होऊन आले त्याला अडतीस वर्षं झाली, इथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्तसुद्धा झाले, तरी मोरूभाऊंच्या लेखी मी अजून स्थलांतरितच आहे. मुक्काम थोडा लांबलाय एवढंच.

ते स्वतः एका संस्कृत पाठशाळेच्या ग्रंथालयात सूचीकार होते. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात जाणार हे ठरवायचं त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा कपाटं तिथेच राहिली आणि सवय घरी आली. त्यात घराणं तीर्थोपाध्यायांचं, म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांना उतरवून घ्यायचं, गंगेवर त्यांचे विधी करायचे आणि त्यांची नावं बहीत लिहून घ्यायची, हा आठल्यांचा वाडवडिलांपासूनचा व्यवसाय. बही म्हणजे लाल कापडात बांधलेली लांबट वही. कोण आले, कुठल्या गावचे, कोणाचे कोण, सोबत कोण, हे त्यात लिहायचं आणि खाली यजमानाची सही घ्यायची. पुढे त्यांचा नातू-पणतू आला की उपाध्याय ती सही काढून दाखवतो, आणि पणतवाच्या डोळ्यांत पाणी येतं. हल्ली लोक हॉटेल आणि गुरुजी दोन्ही मोबाइलवर ठरवूनच गाडीत बसतात. आठल्यांच्या दारी कोणी फिरकत नाही. मोरूभाऊ मात्र रोज सकाळी बही उघडतात, पुसतात आणि परत बांधून ठेवतात.

या बहीनेच त्यांच्या डोक्यात ते खूळ भरवलं. सारखं दिसतं ते सारखं नसतं, असं खूळ. "दिसायला एकच, पण घराणं वेगळं," हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याकडची दोन वांगी हातात घेऊनही ते हेच म्हणतात. तरुणपणी त्यांना सात मुली सांगून आल्या. एकीची शाखा जुळेना. एकीचे वडील स्वतःला वाईचे म्हणवत आणि बहीत निघाले भलत्याच गावचे. असं करून सहा जणी परत गेल्या. सातवी त्यांना मनापासून आवडली होती, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. तिच्यात काही खोट सापडेना, म्हणून त्यांनी तीन महिने बही चाळली. तोवर तिचं लग्न ग्वाल्हेरला झालं. मी त्यांना एकदा याबद्दल विचारलं तर म्हणाले, "नोंद अधुरी होती, वहिनी." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून ते एकटेच आहेत. धाकटा भाऊ नोकरीला पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, आणि आता तोही नाही. त्याचा मुलगा पुण्यात असतो आणि दिवाळीला फोन करतो. एका दिवाळीला मी फराळ द्यायला गेले होते तेव्हा फोन चालू होता. पलीकडून पुतण्या विचारत होता, "काका, तुम्ही हिंदीत बोलताय का?" मोरूभाऊ शुद्ध मराठीत बोलत होते. निदान आमच्याकडे तिला शुद्ध म्हणतात.

माझ्या भाचीच्या साखरपुड्याला तर त्यांनी कहर केला. मुलाकडचे जोशी आमच्याकडे उतरले होते. पंगत बसली, आणि हे गृहस्थ बही काखोटीला मारून आले. मुलाच्या आजोबांना गाव विचारलं, पणजोबांचं नाव विचारलं, आणि पंगतीच्या मधोमध उभं राहून सांगितलं की, या लोकांची शाखा फणसाच्या झाडावरून भांडण होऊन मूळ घराण्यातून फुटलेली आहे, तेव्हा यांना सरसकट जोशी म्हणणं चूक आहे, ही उपजात आहे. आजोबांनी हातातला लाडू पानात ठेवला आणि ते उठले. त्यांना परत बसवताना माझी जी बोलती बंद झाली ती लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत. लग्न झालं. पण ते आजोबा आजही मला पत्राच्या शेवटी 'उपजातीचा नमस्कार' असं लिहितात.

अशा माणसाच्या हाती दुर्बीण लागू नये. ती लागली. ग्रंथालयात येणारा कोणी अभ्यासक परत जाताना त्यांना देऊन गेला. तिची एक काच तडकलेली, आणि पट्ट्याच्या जागी जानव्याचं सूत. मोरूभाऊ ती गळ्यात अडकवून रोज सकाळी गच्चीवर उभे राहायला लागले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या सुनांनी माझ्याकडे तक्रार केली. मी तावातावाने वर गेले. काही बोलायच्या आत त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली आणि आमच्याच परसातल्या निंबाकडे माझं डोकं वळवलं.

खूप वेळाने मला एक पक्षी दिसला. लिंबाएवढा. मळकट हिरवा, पोटाशी पांढुरका, डोळ्यावर एक फिकट रेघ. पंखावर एक बारीक पट्टी, असली तर असली. एक जागा धरून म्हणून बसेना, पानापानातून नुसता सुरसुर फिरत होता आणि मधूनच दोन तुकड्यांत काहीतरी च्यीक करत होता. मी म्हटलं, "चिमणी आहे."

मोरूभाऊ गच्चीच्या पायरीवर मटकन बसले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते चार दिवस फार छान गेले.

पाचव्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले आणि मला पानावर शिकवणी सुरू झाली. हा वटवट्या. त्यातही पर्णवटवट्या. त्यातही हिरवट पर्णवटवट्या. उन्हाळ्यात हिमालयात घरटं करतो आणि थंडीत खाली आपल्याकडे येतो. मी म्हटलं, मग झालं की. तर नाही झालं. त्यांनी भाताचा ढीग थापून पानाच्या मध्यभागी आणला आणि म्हणाले, हा तिबेट. माझ्या हातातून वाट्या घेऊन त्यांनी त्या तिबेटाभोवती मांडल्या. याची भावकी या सगळ्या मुलखात पसरलेली. या वाटीतल्याला शेजारच्या वाटीतल्याचं गाणं समजतं. त्याला त्याच्या शेजारच्याचं. असं करत दोन्ही बाजूंनी चढत सैबेरियात पोचलं की शेवटच्या दोन वाट्या एकमेकींना अगदी चिकटून असतात, आणि त्यांना एकमेकींचं गाणं कळत नाही. "अब बोला वहिनी, जात एक की दोन?"

मी म्हटलं, आमटी गार होतेय. यावर पंडितांचेही वाद आहेत, असं त्यांनी मला आमटी गार होऊ देत सांगितलं. आधी सगळ्यांना एकच धरत. आता काही पुस्तकांनी त्यातली एकदोन घराणी वेगळी काढली आहेत. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की त्यांनाच कोणी वेगळं काढून पाटावर बसवलंय. ह्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मोरू, यातली आपली वाटी कुठली?" मोरूभाऊंनी दह्याची वाटी दाखवली. मी ती उचलून ह्यांच्या भातावर उपडी केली, तेव्हा कुठे तिबेट संपला.

त्या जेवणात मला आणखी एक गोष्ट कळली. या पक्ष्याचं थंडीतलं झाड ठरलेलं असतं. एका झाडावर एकटाच राहतो, दुसरा आला तर हाकलतो, आणि जगला-वाचला तर पुढल्या वर्षी त्याच झाडावर परत येतो. मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही बघताय तो एकच कसा असेल? एवढासा जीव जगतो तरी किती? ते म्हणाले, "दोन-चार वर्षांनी बदलत असेल. ते मला सांगता येणार नाही. पण उतरायची जागा तीच आहे ना."

यानंतरच्या पितृपंधरवड्यात यजमानाचा घोटाळा झाला. पितृपंधरवडा म्हणजे उपाध्यायांच्या हंगामाचे दिवस. सकाळी राजा घाटावर स्नान करून येताना मोरूभाऊंना भालूगुरुजी भेटले. भालूगुरुजीही उपाध्याय, आणि त्यांचा धंदाही बसलेलाच. मोरूभाऊंनी त्यांना आनंदाने सांगितलं, "आमचे काल उतरले. हिमालयाकडून आले, एकदम थकलेले. एकटेच आहेत. आता चैत्रापर्यंत मुक्काम."

चैत्रापर्यंत मुक्काम करणारा यजमान म्हणजे काय, ते उपाध्यायाच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुपारपर्यंत घाटभर बातमी पसरली. उपाध्यायांनी गावं आपापसात वाटून घेतलेली असतात, आणि दुसऱ्याचा यजमान उतरवून घेणं याला आमच्याकडे पाप म्हणतात. भालूगुरुजींनी विचार केला असणार की हिमालयाकडून एकटा येणारा मराठी माणूस फौजेतलाच असणार, आणि फौजेतले यजमान त्यांच्या आजोबांच्या वाटणीचे. ते आपली बही घेऊन आठल्यांच्या ओट्यावर येऊन बसले ते दोन तास हलले नाहीत. मोरूभाऊंकडे महिनोन्‌महिने कोणी येत नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी तीनदा चहा केला. भालूगुरुजी दर चहाला विचारत, यजमान कुठे आहेत? मोरूभाऊ सांगत, येतील, या वेळी खाण्यात असतात. शेवटी ते त्यांना गच्चीवर घेऊन गेले आणि दुर्बीण हातात दिली.

भालूगुरुजी खाली आले ते सरळ माझ्या दारात. म्हणाले, "वहिनी, पडोसी म्हणून सांगतो. हे आठल्ये अतिसंकटात आहेत." त्या माणसाशी माझं आयुष्यात एवढं एकच वाक्य पटलं.

आता निंबाचं सांगते. निंब आमच्या परसात आहे आणि त्याच्या फांद्या दोन्ही गच्च्यांवर. गेल्या पावसाळ्यात माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीभर सकाळचं ऊन घ्या. आमच्या गल्लीत ऊन हे गच्चीवरच भेटतं, आणि आमच्या गच्चीवरचं ऊन नऊपासून दोनपर्यंत निंब खातो. मी ठरवलं, निंब बुंध्यापर्यंत उतरवायचा. लकडीवाल्याला बोलावलं. कार्तिकी पौर्णिमेला घाटांवर दिव्यांची गर्दी असते, म्हणून तो तिच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी, चहाच्या वेळी, मोरूभाऊ आले. खुर्चीत बसले. कोणालाही दर्जा दिला नाही. अडतीस वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून मी शेगडी बंद करून चहाचे कप घेऊन बाहेर येऊन बसले.

"वहिनी, निंब पूरा उतरवणार?"

"बुंधा ठेवणार आहे. फुटेल परत."

"चैत्रापर्यंत थांबता येईल?"

मी म्हटलं, चैत्रात काशीचं ऊन घेऊन मी काय करू, भाजून घेऊ? त्यांनी चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला. मी काही राक्षसीण नाही. मी सरळ विचारलं, "तुमचा तो पक्षी दुर्मीळ आहे का? एवढं सांगा. असेल तर निंबाला हात लावत नाही."

माझ्या पाठीमागे हे जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. मोरूभाऊंना कळेना म्हणून शेवटी बोललेसुद्धा, "मोरू, एक शब्द बोल, विषय संपेल."

मोरूभाऊंनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नाही. पुष्कळ आहेत. सध्या चिंता नाही."

"अरे, पण..." हे म्हणाले.

"दर्जा खोटा लिहायचा नाही. आजोबांनी बही हातात दिली तेव्हा एवढंच सांगितलं होतं."

आणि ते उठून गेले. चहा तसाच राहिला. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू. समोरचा माणूस ताट वाढून देतोय, आणि याला म्हणे आजोबा आठवतात. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते. उंटावरच्या शहाण्यासाठी मी माझे गुडघे का झिजवायचे? निंब जाणार म्हणजे जाणार, असं मी ह्यांना दोनदा बजावून सांगितलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. तिच्या ऑफिसातली एक मुलगी नवऱ्याबरोबर नाशिकहून काशी बघायला आली होती, आणि नवऱ्याच्या पणजोबांचं नाव इथे कोणा आठल्यांच्या बहीत आहे असं घरी ऐकत आली होती. मी दोघांना घेऊन मोरूभाऊंकडे गेले. दारात माणसं बघून त्यांनी आम्हांला तसंच थांबवलं, आत जाऊन धूतवस्त्र नेसून आले, चटई घातली आणि बही सोडली.

नाव सापडायला त्यांना चार मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी मोडीतली ओळ बोटाने धरली आणि वाचायला सुरुवात केली. पणजोबा, त्यांचे वडील, सोबत आई आणि विधवा बहीण, गाव, तालुका, आणि खाली सही. आवाज त्यांचाच होता पण गल्लीतला नव्हता. दर्जे वाटत फिरणारा माणूस हाच का, असं मला क्षणभर वाटलं. त्या मुलाने सहीवर हळूच बोट ठेवलं. मुलीने फोटो काढला, व्हिडिओ काढला, आणि मनापासून म्हणाली, "काका, तुमचं मराठी किती वेगळं आहे हो. गोड वाटतं एकदम." नंतर ती त्यांच्याशी हिंदीतच बोलली. त्यांना सोपं जावं म्हणून असेल.

मोरूभाऊंनी कोरं पान काढलं, पेन दिलं. म्हणाले, "आता आपलं नाव लिहा, सही करा. मतलब पुढच्यांना सापडलं पाहिजे." आणि आम्हां सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. नाववाला घाटावर खोळंबला होता. दोघांनी घड्याळ पाहिलं, मला म्हणाले, काकांना सांगा, परतताना नक्की करतो, आणि गेले. वाईट मुलं नव्हती ती. घाईत होती.

आत कप वाजत होते. मी बहीपाशी एकटी बसले होते. दुसऱ्याची बही वाचू नये, हे मला माहीत आहे. मी वाचली.

कोरं पान उलटून मागे गेले तर तिथे मोरूभाऊंचं अक्षर होतं. भाद्रपद वद्य षष्ठी, सकाळी उतरले. नाव हिरवट. घराणे पर्णवटवट्यांचे. मूळ ठिकाण हिमालय, गाव अज्ञात. सोबत कोणी नाही. उतरण्याची जागा, दात्यांचा निंब, म्हणजे आमचाच. त्याच्या मागच्या पानावर मागच्या वर्षीचं तेच. त्याच्याही मागे तेच. साथीच्या साली गल्लीत माणूस दिसत नव्हता, त्या वर्षी अख्ख्या बहीत ती एकच नोंद होती. एका वर्षी लिहिलं होतं, 'अमावास्येपर्यंत आले नाहीत. वाट पाहत आहे.' आणि खाली, वेगळ्या शाईने, आश्विन शुद्ध चतुर्थीला, 'आले.' प्रत्येक नोंदीच्या शेवटी यजमानाच्या सहीची जागा सोडलेली होती.

शेवटच्या पानावर त्यांनी आपलं स्वतःचं घराणं मांडलं होतं. वर खापरपणजोबांपासून वडिलांपर्यंत एक सरळ ओळ. खाली दोन फांद्या. एका फांदीवर भाऊ आणि पुतण्या, पुणे शाखा. दुसऱ्या फांदीवर काशी शाखा, मोरेश्वर. शिल्लक संख्या, एक. आणि त्यापुढे दर्जा, 'सध्या चिंता नाही'.

मी गणिताची बाई आहे. एक शिल्लक म्हणजे कुठला दर्जा, हे त्यांनीच मला शंभरदा पढवलेलं होतं. तीन दिवसांपूर्वी निंबासाठी ज्या माणसाच्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नाही, त्याने आयुष्यात दर्जा एकदाच खोटा लिहिला होता, आणि तो इथे, कोणी बघणार नाही अशा पानावर. मला फार वाईट वाटलं. मी पान होतं तसं उलटून ठेवलं.

मोरूभाऊ ताटलीत चार कप घेऊन आले. त्यांनी चटईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"गेले?"

"नावेची वेळ झाली होती. परतताना येतो म्हणाले."

"येतील," ते म्हणाले. कोऱ्या पानावरचं पेन उचलून त्यांनी टोपण लावलं. आम्ही दोन-दोन कप चहा प्यालो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लकडीवाला आला. मी त्याच्याकडून जिन्यावर लोंबणारी एक फांदी तेवढी काढून घेतली आणि त्याला वाटेला लावलं. हे बघतच राहिले. मी त्यांना म्हटलं, भर थंडीत पूर्ण छाटला तर निंब मरतो म्हणतात. त्यावर ह्यांनी माझी खुर्ची उचलून गच्चीच्या दुसऱ्या कडेला नेऊन ठेवली.

त्या कडेला दहाच्या सुमारास चटईएवढं ऊन पडतं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत येऊन परत फिरतं. मी रोज तिथे बसते. समोर निंबात ते लिंबाएवढं मळकट प्रकरण च्यीक च्यीक करत असतं, आणि मला ते अजूनही चिमणीच वाटतं. पलीकडच्या गच्चीवर तडकलेली दुर्बीण घेऊन मोरूभाऊ उभे असतात. काल त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि कठड्याशी येऊन विचारलं, "वहिनी, ऊन येतं ना?"

"येतं की. भरपूर."

"मग सध्या चिंता नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.